ऐदी

ऐदी आणि आळशी यांत भेद आहे. आळशी मनुष्य काम टाळतो आणि टाळल्याबद्दल मनातून किंचित खजील असतो. ऐद्याला तसला खेद शिवत नाही, कारण बसणे हीच आपली नेमणूक आहे, अशी त्याची प्रामाणिक धारणा असते. इतिहास पाहता तिला आधारही आहे. अकबराच्या फौजेत अहदी नावाचे खासे शिपाई असत; त्यांच्यावरूनच ‘ऐदी’ हा शब्द आला. ते कोणा मनसबदाराच्या पथकात न मोडता एकेकटे थेट बादशहाचे चाकर, म्हणून अरबी ‘अहद’ म्हणजे ‘एक’ यावरून त्यांना हे नाव पडले. तनखा सामान्य स्वाराहून अधिक, बोलावणे मात्र निकडीच्या प्रसंगीच. आणि क्वचित थकबाकीदार जमीनदाराकडे वसुलीस धाडले, तर त्याच्या दारात ठाण मांडून पैका पदरात पडेपर्यंत ते हलत नसत, म्हणजे कामगिरीदेखील बसूनच बजावीत.

वर्धा जिल्ह्यात त्यांच्या वारसाचे दर्शन घ्यावयाचे, तर 1951 साली मालगुजारी खालसा झालेल्या एखाद्या वाड्याच्या ओसरीवर जावे. तेथे बंगईवर तक्क्याला रेलून, उजवीकडे पानपुडा व डावीकडे पिकदाणी अशी नाकेबंदी करून मालक विराजमान असतात. झोका घ्यावयाचा तर भिंतीला पायाचा अंगठा टेकावा लागतो. तेवढाही व्याप नको, म्हणून कडीला दोरी बांधून तिचे टोक गड्याच्या हाती दिलेले असते, आणि तो पेंगला की ‘काहून बे, झोपला का?’ ही पृच्छा दुसऱ्या गड्याकरवी होते.

हे सारे सेवाग्रामपासून चार कोसांच्या आत! गांधीजी 1936 साली तेथे राहावयास आले आणि श्रमावाचून खाणे ही चोरी, असे सांगू लागले. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी बैलांवाचून शेती आरंभिली. मालकांचा दोघांविषयी आदर निस्सीम. वाड्यात टकळीही आली. सूत गडी काढतो, आणि बंगईची दोरी त्याच सुताची आहे.

भूदानाचे कार्यकर्ते आले, तेव्हा मालकांनी सहावा हिस्सा तत्काळ दिला. राखलेल्या शेताची पाहणी करावयास जावे लागते, दिलेल्याची नाही, हा हिशेब त्यांना क्षणात उमगला होता. दानपत्र व दौत बंगईपर्यंत आणवून त्यांनी सही ठोकली. खसरा नंबर विचारताच मात्र कपाळाला आठी पडली.

‘पटवाऱ्याले बोलवा,’ ते म्हणाले, ‘अन् त्याले म्हणा, येताना पानं घेऊन ये.’