दातकोरण्यासकट

आमच्या वैशाखऱ्यात धारेच्या वस्तूवाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून गाव, पाठीशी नाणेघाटाची भिंत, आणि रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला आकडीत अडकवलेला कोयता. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, कुंपणाला काटी लावायची, कलिंगड फोडायचं, कोंबडी करायची, पायात मोडलेला काटा काढायचा, सगळं त्या एकाच हत्यारानं. काटा काढताना डोळे बघणाऱ्याचे मिटतात, काढणाऱ्याचे नाही. अशा गावात राहून मला खिशात मावणारा भारी चाकू घ्यावासा वाटला, आणि तो नवा घ्यावा की वापरलेला या विचारानं माझी झोप उडाली, हे मी गावात फारसं बोललेलो नाही.

याला जबाबदार पावसाळ्यातले ट्रेकर. जून लागला की दर रविवारी नाणेघाट चढायला शहरातली पोरं उतरतात. त्यांतल्या एकानं चहाच्या टपरीवर खिशातून बोटभर लांबीचा लाल चाकू काढला. त्यातून आधी कात्री निघाली, तिनं त्यानं पायाची पट्टी कापली. मग करवत निघाली, तिनं काठीचं टोक उडवलं. मग चिमटा निघाला. मग दातकोरणं. ते वापरून त्यानं शर्टाला पुसलं आणि परत चाकूत सरकवलं. या शेवटच्या कृतीकडे माझं तेव्हा लक्ष गेलं नाही. मी करवतीतच अडकलो होतो.

चौकशी केली तर चाकूचं घराणं मोठं निघालं. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर नावाच्या गृहस्थानं १८८४ साली ईबाख इथं कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथल्या सैन्याला घडीचे चाकू पुरवले. त्यात पेचकस होता, कारण शिपायांची नवी बंदूक उघडायला तो लागे. डबा फोडायचं पातं होतं, कारण शिपाई डब्यातलं खायला लागले होते. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू आला. त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता. शिपायानं डबा फोडायचा आणि साहेबानं बाटली, ही व्यवस्था समजायला आपल्याला स्वित्झर्लंडपर्यंत जावं लागत नाही. पुढे एल्सनरच्या आईचं, व्हिक्टोरियाचं, नाव कारखान्याला मिळालं, १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’ त्याला चिकटला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. मला आवडलेल्या चाकूचं नाव हंट्समन. त्यातही बुचाचा स्क्रू आहे. आमच्या पंचक्रोशीत बूच लावलेली बाटली औषधालाही सापडणार नाही. इथं जे मिळतं ते बुचाच्या भानगडीत पडत नाही. पण स्क्रू वगळून पैसे कमी करा, असं कंपनीला सांगता येत नाही.

यापेक्षा वरचेही चाकू असतात. अमेरिकेत क्रिस रीव्हचा सेबेन्झा म्हणून एकपाती चाकू मिळतो. त्याच्या पैशांत मुरबाडला वापरलेली मोटरसायकल येईल. तिकडे असले चाकू पुन्हा विकणारे अभिमानानं सांगतात की यानं आजवर काहीही कापलेलं नाही. आमच्याकडे कोयत्याबद्दल असं सांगितलं तर लोक मालकाच्या तब्येतीची चौकशी करतील.

नव्या चाकूच्या बाजूनं मोठा मुद्दा म्हणजे जन्मभराची हमी. घडणीत किंवा मालात दोष निघाला तर कंपनी बघून घेते. फक्त जन्म कुणाचा, माझा की चाकूचा, हे मला ठरवता येईना. साठीनंतर माणूस असल्या बारीक गोष्टीत अडकतो. शिवाय नवी वस्तू वापरताना हात आखडतो. आमच्या घरात ताटांचा एक संच पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात आहे आणि तो बाहेर काढण्याइतका मोठा पाहुणा अजून आमच्याकडे आलेला नाही. चाकूचंही तेच होणार. वापरलेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्यावर पहिला ओरखडा दुसऱ्यानं काढलेला असतो, पहिल्या ओरखड्याचं दुःखही त्यानंच भोगलेलं असतं, आणि आपल्याला वस्तू निम्म्या पैशात मिळते.

हा हिशेब मी घिसाड्यासमोर मांडला. उन्हाळ्याच्या शेवटी, शेतकामाच्या तोंडावर, रस्त्याकडेला त्याचं पाल पडतं. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे कोयता नवा पाहिजे की जुना?’’ समोर ऐरणीवर ट्रकचा मोडका पाटा होता. माळशेजच्या चढणीला असे पाटे मोडतातच. ट्रकखाली लाखो किलोमीटर धक्के खाल्लेल्या त्या पोलादाचा संध्याकाळपर्यंत कोयता होणार, त्याला आंब्याच्या लाकडाची मूठ बसणार, आणि गाव त्याला नवा कोयता म्हणणार. स्विस चाकूचं पातं रॉकवेल मापानं छप्पन्नच्या आसपास कठीण असतं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं पाणी दिलेलं पातं पुन्हा शेकायला घेतलं. धारेवर गव्हाळ रंग चढत आला, तसं त्यानं ते झटकन गार केलं. ‘‘हे किती?’’ त्यानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हमीबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘‘तुटला तर घेऊन ये.’’ यात जन्माचा वगैरे उल्लेख नव्हता.

कायदाही कोयत्याच्याच बाजूचा. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली. त्यामुळे गोणपाटात गुंडाळलेला हातभर कोयता एस्टीत सीटखाली निवांत झोपतो आणि बोटभर लाल चाकू विमानतळावर हातातल्या पिशवीत सापडला की कोपऱ्यात बोलावतात.

तरीही माझं मन लाल चाकूवरून हटेना. शेवटी कल्याणचा एक मुलगा स्वतःचा हंट्समन विकायला तयार झाला. तो घाट चढायला येणार होताच; सकाळी तो आमच्या पडवीत येऊन बसला. बायकोनं चहा दिला आणि चाकू हातात घेऊन उलटासुलटा केला. चिमट्याशेजारचं दातकोरणं तिनं नखानं ओढून बाहेर काढलं. नवं असताना ते हस्तिदंती रंगाचं असतं म्हणतात. हे चहाच्या रंगाचं होतं.

‘‘अहो, हे काय?’’

‘‘दातकोरणं.’’

‘‘कुणाचं?’’

या प्रश्नाला सरळ उत्तर होतं आणि ते समोर बसून चहा पीत होतं. ‘‘काकू, हे वेगळं मिळतं, नवीन,’’ मुलगा घाईनं म्हणाला. ‘‘मग नवीन दातकोरणंच घ्या की,’’ ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘चाकू कशाला पाहिजे?’’ आणि आत गेली. इतक्या दिवसांच्या माझ्या विचारात हा पर्याय आलाच नव्हता.

तेवढ्यात थोरले काका आले. काकांची हयात म्हशाच्या जत्रेत बैल पारखण्यात गेलेली. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिथं जनावरांचा मोठा बाजार असतो, आणि काका नुसते बघायला म्हणून गेले तरी चार लोक त्यांना बैलाचे दात बघायला बोलावतात. बैल कुणी नवा घेत नाही, हे त्यांनी मला आधी ऐकवलं. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. जे आहे ते दातात दिसतं, मालकाच्या तोंडावर जाऊ नये. मग त्यांनी चाकूची करवत उघडली आणि उजेडात धरली.

‘‘दात झिजलेत. वय चोरलंय.’’

‘‘आजोबा, दोनच वर्षं वापरलाय,’’ मुलगा म्हणाला.

‘‘हां. शिंगं पण रंगवलीत.’’ मुलानं आदल्या रात्री लाल कवच तेल लावून चमकवलं होतं, ते काकांच्या अंगठ्याला कळलं होतं. मग त्यांनी मोठं पातं उघडून बाजूला हलवून पाहिलं. सांध्यात खेळ नव्हता. पात्याचं पोट निरखलं. सहाणेवर बरंच गेलं होतं. ‘‘उठबस बघू,’’ म्हणाले, आणि मुलाला सगळी पाती एकेक उघडून मिटायला लावली. प्रत्येक पातं मिटताना टक्क आवाज आला, तशी काकांची मान हलली. बुचाच्या स्क्रूपाशी मात्र ते थांबले. ‘‘हे शेपूट कशाला?’’ मी अधिकाऱ्यांच्या बाटलीची गोष्ट सांगितली. काकांना १८९७ साल पटलं नाही, पण बाटली पटली.

आता भाव. आमच्या मागे डोंगरात, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यवहार, पण कुणीही यावं आणि वाचावा, इतका उघडा. पुढे मधल्या काळात कधीतरी आमच्या भागातला व्यवहार रुमालाखाली गेला. काकांनी खांद्यावरचा टॉवेल मुलाच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. मुलगा आधी दचकला, मग लाजला, मग वडीलधारी माणसं नमस्कार करतात तसा काही प्रकार असेल म्हणून मान डोलावत राहिला. काकांनी पुन्हा दाबली. त्यानं पुन्हा मान डोलावली.

‘‘झालं,’’ काका म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर गेला.

मी मोबाईल काढून मुलाचा कोड स्कॅन केला. पडद्यावर आकड्याची जागा रिकामी होती. ‘‘किती टाकू?’’

‘‘मला काय माहीत, काका? आजोबांनी तीन बोटं दाबली. मी हो म्हटलं.’’

‘‘तीनशे की तीन हजार?’’

मुलानं काकांकडे पाहिलं, मीही पाहिलं. काका झोपाळ्यावर टेकले होते. चहाच्या रंगाचं दातकोरणं त्यांच्या दाढेपाशी पोचलं होतं. ते त्यांनी बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, ‘‘बाजारात असं उघड्यावर विचारत नाहीत.’’