रुपयातले तेवीस पैसे

भिलाईच्या भट्टीची एक गोष्ट मानावी लागते. समोरचा माणूस कायम नोकरीतला असो की ठेक्यावरचा, ती दोघांनाही सारखंच भाजून काढते. भेदभाव करायला पंखा, टेबल आणि कागद लागतो.

1977 साली तिन्ही गोष्टी हाताशी होत्या. भिलाई पोलाद कारखान्याच्या दल्ली-राजहरा खाणींत बोनसचा करार झाला : कायम कामगाराला 308 रुपये, ठेका मजुराला 70. खाण तीच, ऊनही तेच. पण एकाच्या रुपयामागे दुसऱ्याला तेवीस पैसे. आणि या करारावर सह्या युनियनच्या पुढाऱ्यांच्या! अन्यायसुद्धा कसा रीतसर, प्रतिनिधींमार्फत.

मजुरांनी तक्रारपेटी शोधली नाही. त्या युनियन सोडल्या आणि कामगार नेते शंकर गुहा नियोगींना सोबत घेऊन आपली स्वतःची काढली. जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जण गेले. पुढे नियोगी भिलाईतल्या कारखान्यांकडे वळले. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे झोपेतच त्यांना गोळी घातली. गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, आरोपी उद्योगपती निर्दोष सुटले.

असो. आता काळ सुधारलाय. आता तुमच्याकडे पर्याय आहेत.

पर्याय पहिला, नियम. ठेका मजुरांसाठीचे 1971 चे केंद्रीय नियम म्हणाले, सारखं काम असेल तर पगारही सारखा. काम सारखं आहे की नाही, हा वाद कामगार आयुक्तांनी सोडवायचा. यावर उपाय सोपा. एकाला म्हणायचं ‘ऑपरेटर’, दुसऱ्याला ‘हेल्पर’. पाना तोच, नट तोच, पण बारसं वेगळं.

पर्याय दुसरा, कोर्ट. 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ठेका पद्धत बंद केली तरी मजूर आपोआप कायम होत नाही. ठेका नुसता देखाव्याचा असेल, तर औद्योगिक न्यायालयात सिद्ध करा. या खटल्याच्या नावातच स्टील अथॉरिटी आहे, म्हणजे भिलाईची मालकीण! 2016 मध्ये समान कामाला समान वेतन मिळालं, पण ते सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांना. ठेकेदाराच्या माणसाने पेपरात वाचून आनंद मानायला हरकत नाही.

पर्याय तिसरा, बायकांसाठी. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ठेक्यावरची बाईही येते. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची. या एका दारावर गेटपास विचारत नाहीत, हे लक्षात ठेवा.

पर्याय चौथा, जात आडवी आली तर. सरकारी कारखान्यात अनुसूचित जाती किंवा जमाती आयोगाकडे जाता येतं, आणि चौकशीसाठी आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. खासगी कारखान्यात बढती अडली तर? सगळ्या प्रकारच्या भेदभावाला आवरणारा एक कायदा आपल्याकडे नाही. खासदार शशी थरूर यांनी तसं खासगी विधेयक आणलं होतं. ते विधेयकच राहिलं.

या सगळ्या पर्यायांना एक बारीक अट आहे : तक्रार करणारा उद्या सकाळी कामावर असला पाहिजे. ठेक्यावरच्या माणसाला कुणी काढत नाही हो. त्याच्या गेटपासची मुदत संपते, एवढंच. काढल्याचा हुकूम नाही, मग आव्हान कशाला देणार?

म्हणून हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, पासची झेरॉक्स घरी डब्यात ठेवा. अर्जावर एकट्याची सही नको, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि शेजारच्याला त्याचा पगार विचारा. साहेब म्हणतील, हे असभ्य आहे. असेलही. पण 308 चा आकडा कानावर आला नसता, तर दल्ली-राजहराच्या मजुरांना ते 70 रुपये बोनसच वाटले असते.