होडीला इस्त्री

"काय वहिनी, सकाळपासनं इस्त्रीचा चर्रचर्र आवाज येतोय. लग्नाबिग्नाला निघालाय काय?"

"कुठलं लग्न काकू! ओमच्या होडीला इस्त्री करतेय."

"होडीला? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"ऐका तर. कृष्णेत शर्यतीला पळतात ना, तसल्या होडीचं सागवानी मॉडेल केलंय पोरानं. काल साताऱ्याहून वन्सं आल्या. आल्या आल्या कंदी पेढ्यांचा स्टीलचा डबा ठेवला, तो नेमका होडीवर. कड बसली आणि हा एवढा पोचा!"

"आणि वर बोलल्या काय?"

"लाकूडच हलकं दिसतंय म्हणे."

"घ्या! डबा त्यांचा आणि खोट लाकडात. आता लांबी भरून टाका की."

"लांबी पॉलिशखाली डागासारखी दिसते. लाकूड दबलंय, गेलेलं नाही. आतले तंतू चेपलेत. पाणी मुरलं, वाफ लागली की फुगून वर येतात. मिरजेचे मामा सतारीच्या कामातले, त्यांनी फोनवर सांगितलं."

"मिरजेचे म्हंजे प्रश्नच न्हाई. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. 1850 च्या सुमाराला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी करायला घेतल्या, म्हणून तर 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण पॉलिशवरनं पाणी आत जातंय होय?"

"नाही ना. आधी तेवढ्यापुरतं पॉलिश खरवडलं. खळग्यात पाण्याचे दोन थेंब टाकले, मुरू दिले. मग ओल्या सुती फडक्याची घडी ठेवून इस्त्रीचं नुसतं टोक टेकवलं. चर्र झालं की उचलायचं. फडकं वाळलं तर लाकूड करपतं. दोन-तीनदा केलं आणि हात फिरवला, तर सपाट!"

"आत्ताच पॉलिश मारणार?"

"छे, रात्रभर वाळू द्यायचं. ओलं असताना घासलं तर वाळल्यावर परत खोलगट. उद्या बारीक पॉलिश पेपर, तोही रेषेच्या दिशेनं. एवढंच की फेविकॉलच्या सांध्याजवळ इस्त्री न्यायची नाही, उष्णतेनं सांधा सुटतो. आणि प्लायवुडवर तर नकोच, पापुद्रे उचकटतात."

"मग आमच्या पाटाला पण द्या की जरा वाफ. जावईबापूंनी वरवंटा पाडला त्याच्यावर."

"दाखवा बघू... काकू, हे दबलेलं नाही, कापलंय. तुटलेला तंतू वाफेनं वर येत नाही. याला लांबीच."

"आस्सं?"

"आणि वरवंट्यानं लाकूड कापत नाही हो. नारळ कोण फोडतं या पाटावर कोयत्यानं?"

"...वहिनी, गॅसवर दूध हाय माझं, आले बघा!"