मेहुण्याच्या वजनाचा प्रश्न

गणपतीच्या तोंडावर कोकण रेल्वेचं आरक्षण मिळवायला पूर्वपुण्याई लागते. भावोजींची पुण्याई बायको-मुलांच्या तिकिटांपुरती पुरली. मागे उरले स्वतः भावोजी आणि त्यांचा मेहुणा. दोघांनी मोटारसायकलने सावंतवाडीकडच्या घरी निघायचं ठरवलं. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. रस्ता मुंबई–गोवा, पूर्वीचा सतरा नंबर, आताचा सहासष्ट. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. त्या साली जन्मलेली पोरं दहावीच्या क्लासला जाऊ लागली, तरी ‘काम चालू आहे’ची पाटी काही ठिकाणी अजून नोकरीवर आहे.

गाडी दीडशे सीसीची आणि दोन मालक बघून आलेली. मागच्या चाकाचं बेअरिंग जाणं ही तिची जुनी खोड होती. जूनमध्ये ते दादरला गेलं, श्रावणात कळव्याला. दर वेळी नवं बेअरिंग पडायचं, थोडे दिवस शांततेत जायचे आणि मग सीटखालून ‘घूंऽऽ’ सुरू व्हायचं. भावोजींनी आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची कला आत्मसात केली होती. मेहुणा त्याला वारा म्हणायचा.

वडखळला वारा पडला, आवाज मात्र राहिला. कोलाडच्या पुढे वळणावर गाडी मागून डोलायला लागली. माणगावच्या प्रसिद्ध कोंडीत वाहनं पावलापावलाने सरकत होती, त्यामुळे तिथे हा आवाज सगळ्यांना निवांत ऐकता आला. एका एसटीच्या खिडकीतून निदान झालं, “मागचं बेरिंग गेलंय तुमचं.” शेजारच्या टेम्पोने दुजोरा दिला.

गॅरेजवाल्याने गाडी मेन स्टँडवर घेतली, टायर वर आणि खाली धरून हलवला. खटखट आवाज आला. चाक आसावर पक्कं बसलेलं असेल तर असं हलत नाही. मग त्याने मेहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“डबल सीट ना?”

खटला तिथेच निकाली निघाला. बेअरिंग बदललं, पैसे दिले, आणि मेहुण्याने समोर आलेला दुसरा वडापाव परत पाठवला.

वास्तविक मेहुण्याच्या बचावाचा सगळा पुरावा त्या बेअरिंगवरच कोरलेला होता: ६३०२. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं, छर्ऱ्यांचं साधं बेअरिंग. ३ हा आकाराच्या मालिकेचा आकडा. शेवटचे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटरचं. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोक कळतं. ००, ०१, ०२ आणि ०३ मात्र या पाढ्यात बसत नाहीत. त्यांची मापं १०, १२, १५ आणि १७ पाठच करावी लागतात. बाहेरचा व्यास ४२, जाडी १३. आणि या एवढ्याशा चकतीची भारक्षमता सूचीपत्रात ११ किलोन्यूटनच्या पुढे दिलेली असते, म्हणजे अकराशे किलोंच्या वजनाएवढी. तो भार घेऊन दहा लाख फेऱ्यांपर्यंत शंभरातली नव्वद बेअरिंगं टिकावीत, असा त्या आकड्याचा अर्थ. मोटारसायकलच्या चाकाच्या हिशेबाने दहा लाख फेऱ्या म्हणजे जवळपास १९०० किलोमीटर. थोडक्यात, अकराशे किलोंचा मेहुणा मुंबईहून सावंतवाडीला जाऊन, परत येऊन, पुन्हा गेला असता तरी बहुतेक बेअरिंगांनी तक्रार केली नसती. शिवाय भार निम्मा केला की आयुष्य आठपट होतं, आणि चाकात अशी बेअरिंगं दोन असतात. हा मेहुणा नव्वद किलोंचा होता. पण आरोपी हाताशी असताना सूचीपत्र कोण उघडतो?

पुढे पोलादपूर गेलं, कशेडीचा बोगदा गेला, परशुराम घाटात पावसाने झोडपलं. रस्त्यातल्या प्रत्येक डबक्यातून चाक इमानाने गेलं. चिपळूणला पुन्हा घूंऽऽ.

चिपळूणच्या मेकॅनिकने बेअरिंग उपसून काढलं तेव्हा आतून दुधाच्या कॉफीच्या रंगाचं ग्रीस आलं. “हे झेडझेड कोणी घातलं? आणि तेही पावसाळ्यात?” त्याने खेदाने मान हलवली. तो बरोबरच होता. झेडझेडच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असतात. ती धूळ अडवतात, पाणी अडवत नाहीत. ओल्या रस्त्याला टू-आरएस हवं, दोन्हीकडून रबरी सील असलेलं. त्यातून हब तापलेलं असताना गाडी पाण्यात घातली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. इतकं शास्त्रशुद्ध निरूपण करून त्याने नवं टू-आरएस घेतलं, त्याच्या आतल्या रिंगेवर जुना आस टेकवला आणि हातोड्याने दणादण ठोकून हबमध्ये बसवलं.

हबात घट्ट बसते ती बाहेरची रिंग. आतल्या रिंगेवर घातलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रिंगेपर्यंत जातो, आणि ज्या गुळगुळीत खाचेत छर्रे धावायचे तिथे बारीक खड्डे पडतात. सहासष्ट नंबरच्या रस्त्यावर धावणाऱ्या बेअरिंगच्या आतसुद्धा आता सहासष्ट नंबरचा रस्ता तयार झाला.

निघताना मेकॅनिकने मेहुण्याकडे पाहिलं. “पाव्हणं जरा पुढं सरकून बसा. लोड मागं येतो.”

राजापूरजवळ तिसरा विद्वान भेटला. त्याने चाकाला हातही न लावता चेन दाबून पाहिली आणि ती अतिघट्ट असल्याचं जाहीर केलं. खरोखरच होती. ताणलेली चेन बेअरिंगवर कायमचा जादा भार टाकते. त्याने ती सैल केली, आवाज खालच्या पट्टीत गेला, आणि भावोजींना वाटलं, सुटलो. राजापूरची गंगा केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही. या गाडीच्या आवाजाचंही तसंच होतं. खारेपाटणला तो परत आला. कणकवलीला पोहोचेपर्यंत मागचं चाक भावोजींच्या मताप्रमाणे न चालता स्वतःच्या विचाराने चालू लागलं होतं.

आजवर प्रत्येकाने जे मोडलं ते बदललं होतं. ते का मोडतं, हे विचारलं नव्हतं. हा प्रश्न विचारून जगप्रसिद्ध झालेला एक माणूस आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कापडगिरणीत देखभालीचं काम पाहणारा स्वेन विंगक्विस्ट. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, यंत्रांना फिरवणारे लांब दांडे वाकडे होत आणि बेअरिंगं मरत. विंगक्विस्टने दांड्याबरोबर स्वतःच तिरकं होऊन जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. कणकवलीच्या गॅरेजवाल्या म्हाताऱ्याने विंगक्विस्टचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नव्हतं. पण प्रश्न तोच त्याने मालवणीत विचारला.

“बेरिंग बदलतास ता ठीक. पण ता कित्याक जाता, ता कोणी बघल्यान?”

कोणी बघितलं नव्हतं. म्हाताऱ्याने चाक उतरवलं आणि दोन्ही बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे डिस्टन्स पीस, बाहेर काढली. बेअरिंग ठोकून काढताना प्रत्येक मेकॅनिकने ही नळी छिन्नीने बाजूला सारली होती आणि काम झाल्यावर होती तशी परत आत टाकली होती. म्हाताऱ्याने ती पुसली, व्हर्नियरमध्ये धरली, हबच्या आतल्या खांद्यांमधलं अंतर मोजलं आणि मोठ्याने हसला.

“ही नळी गाडयेची न्हय. ही पाण्याच्या पायपाची हा.”

मागच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात मूळ नळी हरवली होती, आणि कोणी कर्तबगाराने नळाचा पाइप कापून तिच्या जागी बसवला होता. तुकडा दीड मिलिमीटर तोकडा पडला. आसाचा नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे खेचल्या जायच्या. बाहेरच्या रिंगा हबच्या खांद्यांना टेकून जागच्या जागी. मधले छर्रे आडवे चिरडले जायचे. वरून येणारं वजन त्यांनी हसत पेललं असतं. हा बाजूने पडणारा दाब मात्र नट जितका काळजीपूर्वक आवळावा तितका वाढायचा. आणि भावोजी नटाच्या बाबतीत अत्यंत काळजीपूर्वक होते.

“म्हणजे माझं वजन...” मेहुण्याने चाचरत विचारलं.

“पावण्याच्या वजनान बेरिंग जाणा नाय,” म्हाताऱ्याने निकाल दिला.

मेहुणा तडक समोरच्या खाणावळीत गेला आणि आंबोळ्या व काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन बसला. माणगावपासूनची थकबाकी त्याने एका बैठकीत वसूल केली.

इकडे लेथवाल्याने बरोबर मापाची नळी कातून दिली. नवी बेअरिंगं शेजारच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये कुल्फीच्या शेजारी ठेवण्यात आली, कारण थंड झालेलं पोलाद आकसतं. हबवर उकळतं पाणी ओतलं, कारण तापलेलं अॅल्युमिनियम फुगतं. पहिलं बेअरिंग हबच्या खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत गेलं, मग नळी, मग दुसरं, तेही नळीला जेमतेम टेकेपर्यंतच. ठोकायला बाहेरच्या रिंगेच्या मापाचा जुना सॉकेट घेतला. आवाज फार झालाच नाही. हातोड्याचा दणदणाट ऐकायची सवय झालेल्या भावोजींना काम अर्धवट राहिल्याचा संशय आला. चाक बसवून बोटाने फिरवलं तर ते बराच वेळ मुकाट्याने फिरत राहिलं. कुल्फीवाल्याने फ्रीजरचं भाडं घेतलं नाही. दोन कुल्फ्या मात्र घ्यायला लावल्या. दोन्ही मेहुण्याने खाल्ल्या.

सावंतवाडीकडच्या घरी ते पोहोचले तेव्हा मखर बांधून झालं होतं आणि उशिराचं कारण विचारायला सगळी वाडी जमली होती. मेहुण्याने सगळी हकिगत सांगितली, पुराव्यादाखल पिशवीतून मेलेली बेअरिंगं काढली आणि आपल्या निर्दोषत्वावर विशेष भर दिला. मोठ्यांचं लक्ष कथेकडे होतं, पोरांचं बेअरिंगांकडे. आरती संपेपर्यंत फळी, दोन दांडे आणि सुतळी जमवून पोरांनी अंगणात बेअरिंगची गाडी जोडलीसुद्धा. तिला एक चाक कमी पडत होतं. त्यांच्यातला धाकटा भावोजींच्या मोटारसायकलभोवती दोन चकरा मारून आला आणि आशेने म्हणाला, “काका, पुढचा बेरिंग कधी जातला?”