कंसात कोंडलेल्या विद्यार्थ्याच्या वतीने

प्रति,
शिष्यवृत्तीच्या पात्रतेच्या अटी लिहिणारे अनामिक साहेब,
शिक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : एका कंसाबद्दल जाहीर आभार

महोदय,

यंदाही शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले आणि महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती योजनेत आपला तो कंस जागच्या जागी सापडला. विद्यार्थी नियमित अभ्यासक्रमाचा असावा, आणि लगेच कंसात, पत्रद्वारा किंवा दूरस्थ पद्धतीचा नसावा. योजनेचं नाव बदललं, तिच्यामागे पीएम लागलं, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाखांवर आली, कागदाची पोर्टलं झाली. कंसाचा मात्र टवकाही उडाला नाही. ज्या देशात वर्षभरात रस्ता उखडतो तिथं एवढं टिकाऊ बांधकाम केल्याबद्दल आपलं अभिनंदन करावं तेवढं थोडंच.

हे पत्र जयपूरच्या मानसरोवरातून लिहिण्याला कारण आहे. राजस्थान गृहनिर्माण मंडळानं वसवलेल्या या अवाढव्य वसाहतीत पटेल मार्गावर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि ३ जून २०१५ ला सुरू झालेली जयपूर मेट्रोही इथूनच सुटते. त्यामुळे आपण कंसात घातलेला विद्यार्थी इथं उघड्यावर हिंडताना दिसतो. सकाळी चांदपोलकडे निघालेल्या डब्यात एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तो पीडीएफ वाचत असतो. छापील पुस्तकं नकोत म्हटलं की शुल्कात १५ टक्के सूट मिळते. ती त्यानं घेतलेली असते आणि डोळ्यांनी फेडत असतो. रात्री दुकानाचं शटर पडलं की तो ‘लायब्ररी’त जातो. या लायब्ररीत पुस्तक नावालाही नसतं. प्लायवूडचे आडोसे, प्रत्येक आडोशात एक खुर्ची आणि एक चार्जिंगचा सॉकेट. जागा शिफ्टवर मिळते, पैसे महिन्याचे आगाऊ. तिथं बसून तो असाइनमेंट लिहितो, तीही स्वतःच्या हस्ताक्षरात, कारण तसा नियम आहे. प्रवेश ऑनलाइन, पुस्तक मोबाइलवर, व्याख्यान यूट्यूबवर, उत्तर मात्र रेघी कागदावर पेनानं! मग त्याच पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि हवं तिथं अपलोड करायचे. हे सगळं करणारा प्राणी विद्यार्थी नाही, असा आपला निष्कर्ष आहे. तो आपण कसा काढलात, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण बाकीच्या सरकारला तो विद्यार्थी म्हणून चांगलाच ठाऊक आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातले विद्यार्थी ४.१३ कोटी भरले, त्यांतले ४५.७१ लाख दूरस्थ शिक्षणातले. म्हणजे दर नऊ जणांत एक. उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं, आणि त्या मोजणीत हा नववा विद्यार्थी पुरता धरला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं जाहीर केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाईल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली. त्यांतली एक किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन असल्या तरी चालतात. सरकारला या विद्यार्थ्याच्या फावल्या वेळाबद्दल केवढी खात्री आहे पाहा! तर हिशेब असा झाला : अहवालात आकडा फुगवायचा तेव्हा तो विद्यार्थी, पदवी हातात पडली की तीही समान, पण या दोहोंच्या मधल्या तीन वर्षांत पोट भरायचा प्रश्न आला की तो कंसात.

आणि पोटाचाच प्रश्न आहे, हे आपल्याच योजनेत लिहिलेलं आहे. ही शिष्यवृत्ती शुल्कासाठी नाही. गरीब घरातल्या गुणवंत मुलांना शिकताना लागणाऱ्या रोजच्या खर्चाचा काही भाग भागावा, हा तिचा घोषित हेतू आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. आता दूरस्थ विद्यार्थ्याला रोजचा खर्च नसतो, असं आपल्याला कुणी सांगितलं? बहुधा तो हवेवर जगत असावा आणि डेटा पॅक आकाशातून पडत असावा. खरा हिशेब मांडायला आपल्या खात्याचेच आकडे पुरतात. जुन्या रचनेतली इग्नूची साधी बी.ए. १३२ श्रेयांकांची होती, आणि एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे. वर्षाचे ४४ श्रेयांक, म्हणजे १,३२० तास. एकही दिवस खाडा न करता रोज ३ तास ३७ मिनिटं. दुकान कायद्याप्रमाणे आठवड्याला ४८ तासांची नोकरी, तीही मालक कायदा पाळणारा असेल तर. दोन्ही मिळून आठवड्याचे ७३ तास झाले. स्वयंपाक, प्रवास, आजारपण आणि घरच्यांशी दोन शब्द बोलणं यात धरलेलं नाही. या माणसाला पैशाची चिंता वेगळी आणि अभ्यासाची वेगळी नसते. दोन्ही एकाच खिशातून भागतात. त्यानं तास अभ्यासाला दिला की मजुरी बुडते, मजुरीला दिला की अभ्यास बुडतो. नियमित विद्यार्थ्याला महिन्याचे हजार रुपये हातखर्चाला होतात. याच्यासाठी ते रविवारचा ओव्हरटाइम नाकारण्याची ताकद असते. म्हणजे ज्याच्या हातात हजार रुपयांचा थेट अभ्यास होतो, नेमका त्यालाच आपण वगळलं आहे.

यावर आपण म्हणाल, त्याचं शुल्क मुळात कमी आहे. आहे, मान्य. पण सरकारी महाविद्यालयातल्या नियमित बी.ए.चं शुल्कही कमीच असतं, म्हणून तिथल्या मुलाला आपण वगळत नाही. आपण म्हणाल, तो कमावतो, त्याला मदत कशाला? तर ते तपासायला उत्पन्नाची मर्यादा आहेच की. कमावूनही ज्याचं घर साडेचार लाखांच्या खाली राहतं तो गरीब नाही, असं ठरवण्यासाठी अर्थशास्त्राची वेगळीच शाखा काढावी लागेल. आपण असंही म्हणाल की घाई कशाला, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी करायची सोय आहे. आहे ना! मग रोजचा अभ्यास पावणेदोन तासांवर येतो आणि पदवीधराचा पगार तीन वर्षं लांबतो. श्रीमंताचा मुलगा वेळेत पदवीधर होणार आणि गरिबाला सवड मिळणार, यालाच जाहिरातींत लवचीकता म्हणतात. वाकायचं काम मात्र त्यात विद्यार्थ्यानंच करायचं असतं.

आपला सर्वांत जड आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दूरस्थ विद्यार्थी दिसत नाही. नावं घुसडून पैसे लाटणं सोपं. उद्या लेखापरीक्षकानं विचारलं तर उत्तर आपल्याला द्यावं लागणार. म्हणूनच नूतनीकरणासाठी ५० टक्के गुणांबरोबर ७५ टक्के हजेरीचीही अट आहे. पण हजेरीच्या वह्यांनी आजवर कोणाला अडवलं? हिमाचल प्रदेशातल्या दोनशे कोटींहून मोठ्या शिष्यवृत्ती घोटाळ्याचा तपास २०१९ मध्ये सीबीआयकडे गेला. त्यात संशयित होत्या त्या खासगी संस्था, दूरस्थ विद्यार्थी नव्हेत. २०२३ मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची छाननी झाली तेव्हा तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस किंवा बंद निघाल्या आणि १४४.८३ कोटी रुपयांचं नुकसान समोर आलं. उलट हा कंसातला विद्यार्थी जून आणि डिसेंबरमध्ये हॉल तिकीट आणि ओळखपत्र घेऊन केंद्रावर सदेह हजर होतो, तीन तास पेपर लिहितो. आता तर दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा डीईबी आयडी हा ओळख क्रमांक लागतो, आणि श्रेयांक जमा करायला शैक्षणिक श्रेयांक बँक आहे. मग सरळ मार्ग असा : वर्गात बसल्याचे पैसे देऊ नका, मिळवलेल्या श्रेयांकांवर द्या. पास झाला तितके श्रेयांक, तितका हप्ता. भूत नापास होतं, साहेब. किंबहुना परीक्षेलाच बसत नाही.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत उरकतो, आपला वेळ मोलाचा आहे. परीक्षेच्या एका पेपरचे २०० रुपये आणि अर्ज भरायला उशीर झाला तर विलंब शुल्क १,१०० : एका चुकलेल्या तारखेला साडेपाच पेपरांची किंमत, आणि पेपरच्या दिवसाची बिनपगारी रजा वर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत आहे, ज्याला आयकर लागण्याइतका पगार मिळत नाही त्याच्यासाठी ही बातमी आनंदाचीच. केंद्राचं जुनं व्याज-अनुदान तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं, साधी बी.ए. करणाऱ्यानं व्याजासकट देशसेवा करावी. तुरुंगातल्या कैद्याला इग्नूत शुल्क माफ आहे आणि ते योग्यच आहे. बाहेर राहून शिकणाऱ्यांना एवढंच कळावं की त्यांचा गुन्हा अद्याप पुरेसा सिद्ध झालेला नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, म्हणजे पाठीवर खोकं घेऊन पार्सल पोचवणाऱ्याला कामगार म्हणून ओळख मिळाली. त्याच्या मोबाइलमधल्या दुसऱ्या ॲपवर जो अभ्यासक्रम चालू असतो, त्याला कुणी ओळखत नाही.

हे काही अवघड गणित नाही, आपल्या आधी ते लोकांनी सोडवलेलं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मजूर दिवसा येत नाहीत, सबब ते नियमित नाहीत, असा शेरा मारून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी शाळेचं घड्याळ फिरवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ ही तिची ओळख बनली. त्यात काम संस्था द्यायची, कामाची वेळ अभ्यास सांभाळून ठरायची आणि मेहनतीतून शिक्षणाचा खर्च निघायचा. आज तीच घोषणा उलटी टांगली गेली आहे. काम विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचं, वेळ मालकानं ठरवायची, पैसे संस्थेत भरायचे. भाऊरावांची कल्पना एवढी स्वस्तात त्यांनाही राबवता आली नव्हती. आणि आपल्या अटी तेव्हा असत्या तर त्यांच्या वसतिगृहातला राबणारा मुलगा निदान वर्गात बसायचा म्हणून वाचला असता. रात्रीच्या शाळेतल्या फुल्यांच्या मजुरांना आपण दारातूनच परत पाठवलं असतं.

इथवर येऊन मला आपलीही थोडी कीव येते. या योजनेत वर्षाला जास्तीत जास्त ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या. गुणवंत गरीब किती, याचा अंदाज आपल्याला माझ्याहून बरा असणार. वित्त खात्यानं थाळी वाढली एवढीच, पंगत बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. कुणाला तरी उठवायलाच हवं होतं. वरून आकडा ठरून आला आणि खाली आपल्याला वाक्य लिहायचं होतं. ते आपण कोणत्याही दुष्टाव्याशिवाय, फाइल संध्याकाळच्या आत पुढं जावी म्हणून लिहिलं असणार. आपल्या शेजारच्या टेबलावरचा सहायकही बढतीसाठी डब्याच्या सुट्टीत दूरस्थ एम.ए.ची पुस्तकं उघडत असेल, तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

पण मग उठवलं कुणाला, ते तरी सरळ सांगा. जो ओरडू शकत नाही त्याला. नियमित विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती रखडली तर तो महाविद्यालयाच्या फाटकाशी ठिय्या देतो, संघटनेचा झेंडा येतो, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतो. ऑनलाइन विद्यार्थ्याला फाटकच नाही. त्याला वर्गमित्र ठाऊक नसतात, त्यांनाही तो ठाऊक नसतो. रजा काढून आंदोलन करायचं तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. ४५ लाख माणसं एकेकटी करून ठेवली की त्यांची मागणी कधीच तयार होत नाही, आणि मागणी नाही म्हणून गरज नाही असं टिपण लिहिता येतं. ही गफलत नाही, साहेब. याला दुबळ्याच्या पानातलं काढून घेणं म्हणतात, मग ते कितीही शुद्ध शासकीय भाषेत लिहिलेलं असो.

मागणं फार नाही. आपली ८२,००० ची संख्या आहे तेवढीच ठेवा, उत्पन्नाची मर्यादा ठेवा, गुणांची चाळणीही ठेवा. हजेरीच्या जागी उत्तीर्ण श्रेयांक लिहा आणि कंस खोडा. मग दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच यादीत गुणांवर भांडतील आणि कुणी हरलं तर निदान परीक्षेत हरेल. आणि हे जमणार नसेल, तर प्रामाणिकपणे दुसरी दुरुस्ती करा : पुढच्या सर्वेक्षणातून ते ४५ लाख वजा करा, ५० टक्क्यांचं उद्दिष्ट त्यांच्याशिवाय गाठून दाखवा. खर्चात जो विद्यार्थी नाही, त्याला जमेत धरण्याचा अधिकार आपल्या खात्याला नाही.

कळावे,

आपल्या कंसाचा एक नियमित वाचक
मानसरोवर, जयपूर