आधी सील आणा, मग धूर मोजा

जुलैत सोयाबीन डवरणीला येतं आणि चिखली-मेहकरकडचे चिनी पॉवर विडर नेमके तेव्हाच मान टाकतात. बैलजोडी आधीच विकलेली. मालक तुटका पार्ट पिशवीत घालून खामगावची वाट धरतो.

दुकानदार विचारतो, कंपनी कोणती? पिशवीवाला स्टिकरवरचं शुद्ध देशी नाव सांगतो. त्याचा काही उपयोग नसतो. जाणता मिस्त्री नाव विचारत नाही, इंजिनावरचा आकडा बघतो. 178एफ किंवा 186एफ निघाला तर निम्मं काम झालं, कारण हे नमुने मुळात यानमार या जपानी कंपनीच्या इंजिनांची नक्कल आहेत आणि चीनमधले ढीगभर कारखाने तीच नक्कल करतात. रिंग, पिस्टन कुठलंही चालून जातं. घोडं अडतं गिअरबॉक्सपाशी. तिथं कारखान्यानं स्वतःचं डोकं चालवलेलं असतं. चोरीच्या मालाचे पार्ट मिळतात, स्वतंत्र प्रतिभेचे मिळत नाहीत!

सरकारनं लक्ष घातलं नाही असं नाही. गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाली ती 15 जून 2020 ला. बरोबर महिन्यानं, 15 जुलैला, विडरच्याच कुळातल्या पॉवर टिलरची आयात 'मुक्त' यादीतून 'प्रतिबंधित' यादीत गेली. आयातदाराला 2019-20 मध्ये आणलेल्या मालाच्या किमतीच्या 10 टक्क्यांपुरताच परवाना. शिवाय त्याच्याकडे विक्रीनंतरची सेवा आणि सुट्या भागांची सोय हवी. छान अट! फक्त त्याच आदेशानं इंजिन, ट्रान्समिशन, चॅसिस आणि रोटाव्हेटरही प्रतिबंधित केले आणि ते मागवायची मुभा उत्पादकांनाच ठेवली. म्हणजे दुकान उघडायची सक्ती आणि अर्ध्या फळ्या रिकाम्या ठेवायचीही.

आता धुराचं. 50 हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरांसाठीचे 'ट्रेम-4' निकष ऑक्टोबर 2020 मध्ये यायचे होते. ढकलत ढकलत 1 जानेवारी 2023 ला आले. खालच्यांना तेव्हा हात लावला नाही, त्यांचे निकष 2010 सालचेच राहिले. आपल्याकडच्या तासांत फिरणारा छोटा ट्रॅक्टर म्हणजे 15-18 हॉर्सपॉवरचा गडी, तो सुटला. मला यात फार वाईट वाटत नाही. धूर मोजतात तो नव्याकोऱ्या इंजिनाचा. खरा काळा धूर निघतो तिसऱ्या वर्षी, मापाचं मिळालं नाही म्हणून ठोकून बसवलेल्या नोझलमधून. त्याला कुठला निकष लावणार? शेतीयंत्रं तपासणाऱ्या बुदनीच्या सरकारी केंद्रात ताकद मोजतात, डिझेलचा खप मोजतात, थरथरसुद्धा मोजतात. देऊळगाव राजात पार्ट किती दिवसांनी पोचतो, हे मोजायचं यंत्र अजून निघायचंय.

अनुदान मात्र घसघशीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याणची मिनी ट्रॅक्टर योजना आहे: साडेतीन लाखांची मर्यादा, 90 टक्के म्हणजे 3 लाख 15 हजार सरकारचे, 35 हजार गटाचे. ट्रॅक्टर 9 ते 18 हॉर्सपॉवरचा. सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलरही. ऑइल सील कुठल्याच रकान्यात नाही. ते बहुधा गटाच्या 10 टक्क्यांत बसवायचं असावं.