खारीचा वाटा आणि वानरांची रजा

पृथ्वी का तापली याची चौकशी एकदाची पूर्ण झाली असून सगळा ठपका आमच्या बिल्डिंगवर आला आहे. त्यातही फ्लॅट नंबर 302 वर, म्हणजे अस्मादिकांवर. 5 जूनला, जागतिक पर्यावरणदिनी, सोसायटीने लिफ्टच्या दारावर सूचनापत्रक चिकटवलं. दात घासताना नळ बंद ठेवा. गीझर दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. कापडी पिशवी वापरा. शक्यतो लिफ्ट वापरू नका. ही शेवटची सूचना वाचून होईपर्यंत लिफ्ट खाली आलेली असायची, त्यामुळे तिची अंमलबजावणी तेवढी राहून गेली.

पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बदलाची सुरुवात स्वतःपासून करा.' ज्या कामाला कुणी वाली नसतो ते आपल्याकडे नेहमी स्वतःपासून सुरू होतं. भ्रष्टाचार, स्वच्छता, वाहतुकीची शिस्त ही कामं आपण पूर्वीच स्वतःपासून सुरू करून ठेवलेली आहेत. आता त्यात हवामानाची भर.

गेटवर शुभेच्छांचा फ्लेक्सही लागला. त्यावर एक हिरवं पान, एक पृथ्वी आणि कार्यकारिणीचे झाडून सगळे सदस्य. अध्यक्षांचा फोटो मोठा घ्यायचा असल्यामुळे पृथ्वी जरा लहान करावी लागली. पहिला पाऊस आल्यावर तोच फ्लेक्स वॉचमनने गळणाऱ्या केबिनवर अंथरला. वसुंधरेच्या नावाने झालेल्या त्या एकूण कार्यक्रमात पुनर्वापर तेवढाच साधला.

सोसायटीला तरी का बोल लावा? केंद्र सरकारचं 'मिशन लाइफ' आहे आणि पर्यावरण सुधारण्यासाठी नागरिकाने करायच्या 75 गोष्टींची यादी त्यात दिलेली आहे. मी सज्जन माणूस आहे, यादी दिली की पाळतो. सिग्नलला इंजिन बंद करा, असं त्यात म्हटलंय. मी स्कूटर बंद केली. हिरवा दिवा लागल्यावर ती पुन्हा सुरू होईपर्यंत मागच्या रिक्षावाल्याने माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. जवळच्या प्रवासाला सायकल वापरा, असंही म्हटलंय. इकडे मुंबईत हजारो कोटी रुपये ओतून कोस्टल रोड बांधला आणि 2024 पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर सायकलला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. त्याच वर्षी अटल सेतू झाला, तिथेही मोटारसायकल आणि रिक्षा चालत नाहीत. थोडक्यात, पृथ्वी वाचवायची असेल तर सायकल काढावी आणि वेळेवर पोचायचं असेल तर मोटार घ्यावी.

बसने जा, असं तुम्ही म्हणाल. बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या गेल्या काही वर्षांत कमीकमी होत गेल्या आणि 9 मे 2025 पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं. स्टॉपवर उभं राहायला मात्र अजून पैसे पडत नाहीत आणि त्यातून कार्बनही निघत नाही. मुंबईकर हे पुण्यकर्म रोज तासन् तास करतो, पण त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

एसी 24 अंशांवर ठेवा, ही सूचना मला शंभर टक्के पाळता आली, कारण घरात एसी नाही. शेजारच्या 303 मध्ये तीन आहेत. त्यांतल्या एकाचं बाहेरचं धूड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी बसवलंय. तिकडे बेडरूम गार झाली की इकडे माझी भाकरी तव्याआधीच तापते. हवामान परिषदांचे जाडजूड अहवाल न वाचताही मला जागतिक तापमानवाढीचं राजकारण समजतं, ते या खिडकीमुळे.

माणशी हिशेब मांडायची ही टूम मुळात काढली कोणी, तेही बघा. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघर पोचवण्याचं श्रेय जातं बीपी या बलाढ्य तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेला. 2004 च्या सुमारास कंपनीने लोकांच्या हाती एक कॅलक्युलेटर दिला आणि सांगितलं, तुमच्यामुळे किती कार्बन बाहेर पडतो ते तुम्हीच मोजा. विहिरी त्यांच्या, जहाजं त्यांची, पंप त्यांचे. आणि पेट्रोल भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला विचारणा, की काय हो, तुम्हाला काही लाज? गिऱ्हाईक बिचारं ओशाळलं. ते अजून ओशाळलेलंच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली म्हण, पण संन्याशाच्या हातात दोरी देऊन त्यालाच फासाची गाठ मारायला लावणं, यासाठी विलायती जाहिरात कंपनीच पाहिजे.

त्या हिशेबात भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो. अमेरिकन माणसाच्या वाट्याला सुमारे चौदा. 2017 साली एक अहवाल आला. त्यानुसार 1988 पासून उद्योगांतून जेवढे हरितगृह वायू बाहेर पडले, त्यांतले 71 टक्के अवघ्या 100 उत्पादकांनी काढलेल्या कोळसा, तेल आणि वायूकडे बोट दाखवतात. त्या यादीत आपली कोल इंडियाही आहे, उगाच गोऱ्यांच्या नावाने बोटं मोडायला नकोत. यावर हे उत्पादक म्हणतात, आम्ही नुसतं काढलं, जाळलं तर तुम्हीच. खरं आहे. शेगडी मीच पेटवतो. पण वीज कोळशाची घ्यायची की उन्हाची, हे विचारायला माझ्या दारी कोणी आलं नव्हतं. आमच्या भिंतीवर पंखा, दिवा आणि गीझर यांची बटणं आहेत. कोळसा, वारा आणि ऊन यांची बटणं बिल्डरने दिलेली नाहीत.

इतकं बोललं की सभेत कोणीतरी उठतं आणि खारीची गोष्ट सांगतं. प्रत्येकाने खारीचा वाटा उचलला पाहिजे. टाळ्या. माझी हरकत नाही, फक्त गोष्ट पुरी सांगा. खार अंगाला चिकटलेली वाळू सेतूवर झटकत होती तेव्हा नल, नील, हनुमान आणि अख्खी वानरसेना शिळा वाहत होती. खारीचं कौतुक झालं ते त्या शिळांच्या जोडीला. वानरांना भरपगारी रजा देऊन नुसत्या खारींकडून पर्यावरण वाचवण्याची ऑनलाइन शपथ, म्हणजे ई-शपथ, घेतली असती, तर प्रभू रामचंद्र अजून किनाऱ्यावर प्रमाणपत्रं वाटत बसले असते.

आजची वानरसेना अगदीच रजेवर आहे असं मात्र म्हणता येणार नाही. ती दरवर्षी विमानाने हवामान परिषदेला जाते. 2023 ची परिषद दुबईत झाली आणि अध्यक्ष होते अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. 2024 ची बाकूला झाली. तिथे यजमान देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचं ठणकावून सांगितलं. 2025 ची परिषद ब्राझीलमधल्या बेलेमला, अमेझॉनच्या तोंडाशी. 20 नोव्हेंबरला तर परिषदेच्या मंडपालाच आग लागली. प्रतिनिधी बाहेर पळाले, काहींना धुराचा त्रास झाला. ती आग लवकर विझली, कारण ती कोणी विझवायची हे ठरलेलं होतं. मग सगळे आत आले, चर्चा पुढे चालू झाली आणि शेवटच्या ठरावातून खनिज इंधनांचा साधा उल्लेखही गळला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी हे आपण ऐकून होतो. इथे आग आणि बंब दोन्ही एका मंडपात असून ही तऱ्हा.

आता जरा घरचे दर पाहू. महाराष्ट्रात जून 2018 पासून प्लास्टिकबंदी लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि वर कैदही. गाडीवरच्या भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत घातली, की पालिकेचं पथक हजर.

दुसरीकडे मुंबईतल्या आरेची झाडं. 4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सरकारी कामाला इतकी तातडी महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हात धरला तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. पुढे न्यायालयाने 84 झाडांपुरतं वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली, तर मेट्रो कॉर्पोरेशन 177 झाडं घेऊन गेलं. एप्रिल 2023 मध्ये त्याबद्दल न्यायालयाने फटकारलं, 10 लाख रुपये भरायला लावले आणि 177 झाडं तोडायला परवानगीही दिली. मी हिशेब केला. 10 लाख म्हणजे पहिल्या गुन्ह्याच्या दराने बरोबर 200 पिशव्या. एवढ्या पिशव्या तर आमच्या नाक्यावर संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत संपतात.

मेट्रो वाईट आहे असं कोण म्हणेल? मीही तिनेच जातो. पण 2025 साली मुंबईत मोसमी पाऊस 26 मे रोजीच, म्हणजे नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी थडकला आणि याच मेट्रोच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. पावसाला कारशेड आणि स्थानक यांतला फरक कळला नसावा.

हे सगळं मी 303 च्या काकांपुढे मांडलं. काका समजूतदार आहेत. म्हणाले, "अहो, म्हणूनच मी काही करत नाही. तुमच्या एकट्याच्या पिशवीने काय होणार? तो चीन बघा, ती अमेरिका बघा."

"मग तुम्ही काय करता?"

"मी बघतोय ना!"

तीन एसींच्या गारव्यात बसून काका गेली कित्येक वर्षं चीनकडे आणि अमेरिकेकडे बघत आहेत. एकट्याने काही होत नाही, या वाक्यात केवढा आराम आहे हे मला तिथे उमगलं. सोसायटीचे सेक्रेटरी शपथ घेऊन मोकळे होतात, काका हात वर करून मोकळे होतात. एकाला वाटतं आपण नळ बंद केला की हिमनग वितळायचे थांबतील. दुसऱ्याला खात्री आहे की कशानेच काही थांबणार नाही. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. पालिकेत, मंत्रालयात किंवा वीज कंपनीत जाऊन कुणाला काही विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही.

ज्याला खरोखर हतबल म्हणावं तो माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीनेकाठी सोयाबीन तर गेलंच, रानंच्या रानं खरडून गेली. पंचनाम्याला माणसं आली तर आपला बांध नेमका कुठे होता हे हात करून दाखवायचं, आणि हात जिथे जाईल तिथे नुसते दगडगोटे. त्या शेतकऱ्याकडे एसी नाही, तो विमानात बसलेला नाही आणि कापडी पिशवीच काय, तो पोतंही फाटेस्तोवर वापरतो. त्याच्या कार्बनच्या पाऊलखुणा मोजायच्या म्हटल्या, तर ज्या मातीत त्या उमटायच्या ती मातीच वाहून गेली आहे. आपल्या एकट्याने काय होणार, असं म्हणत बसायची चैन त्याला परवडत नाही. कारण जे व्हायचं ते त्याच्या एकट्याच्या रानात होऊन गेलंय.

तेव्हा माझं मत सांगतो. नळ बंद करा, तो पाण्यासाठी. कापडी पिशवी न्या, ती टिकते म्हणून. ही घरची शिस्त आहे, आपल्या आजीला ती कुठल्याही मिशनशिवाय ठाऊक होती. तिला पृथ्वी वाचवणं म्हणू नका, तिचं प्रमाणपत्र मागू नका आणि त्यावर समाधान मानून झोपूही नका. पृथ्वीचं काम दुसऱ्या खिडकीवर चालतं आणि तिथे रांग फारच लहान आहे.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाडं तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन आणि झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. सूचना छापून येते, पण नावात बदल आणि हरवले-सापडले यांच्या बेचक्यात, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा टायपात. मुदतही जेमतेम. आरेच्या वेळी हजारो हरकती गेल्या आणि तरी झाडं पडली, हे मी लपवत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्या करवती थांबवल्या, त्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना धाडलेल्या पत्राची दखल घेऊन. उरलेलं प्रकरण साडेतीन वर्षं न्यायालयात लढवलं गेलं आणि दंडापर्यंत पोचलं, तेही हरकत घेणाऱ्यांमुळेच. ई-शपथ घेणाऱ्यांचा त्यात काडीचाही हात नव्हता.

म्हणून वाचकहो, उद्याचा अंक आला की हे पान सोडून आधी जाहीर सूचनांचं पान उघडा. आपल्या वॉर्डातलं झाड, रस्ता, भराव, काहीही दिसलं तर हरकत नोंदवा. साध्या कागदावर, मराठीत लिहिली तरी चालते. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या, जमलं तर तुमच्या 303 च्या काकांचीही. आणि कागद खिडकीवर दिल्यावर पोच घेतल्याशिवाय हलू नका.